घरच्या माणसाला ओव्हरटाइम नसतो

प्रश्न: मी नागपूरजवळच्या वाडीला कूलर बनवतो. वय ४८. २००९ मध्ये भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली, आज शेड स्वतःची आहे. सीझनला बावीस माणसं असतात, एरवी नऊ. माझा हेड मिस्त्री तेरा वर्षं माझ्याकडे होता. आला तेव्हा त्याला पेचकस धड धरता येत नव्हता. मी त्याला घरच्यासारखं ठेवलं. या जानेवारीत, ऐन सीझनच्या तोंडावर, त्याने काम सोडलं आणि दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचं दुकान टाकलं. शिवनी आणि बालाघाटचे माझे दोन डीलर आता त्याच्याकडून माल उचलतात. त्याहून जिव्हारी लागलं ते हे की, त्याच्या पत्रा वाकवायच्या बेंडिंग मशीनला पैसे दिले माझ्या शाळेतल्या मित्राने. चाळीस वर्षांची मैत्री. (सुरुवातीला त्याने मला दोन लाख दिले होते, पण ते कधी मागितले नाहीत. दिवाळीला मी पाकीट देतोच.) मागच्या दिवाळीत तो एकदा म्हणाला होता की मिस्त्रीला काहीतरी हिस्सा दे, तेव्हा ते हसण्यावारी गेलं. मी शाळेच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. आता तिथेही दोन तट पडलेत. पत्र्याचा व्यापारी माझ्या शब्दातला आहे, मी सांगितलं तर मिस्त्रीची उधारी उद्या बंद होईल. सांगू का? वकिलाची नोटीस पाठवू का? डिसेंबरमध्ये मुलीचं लग्न आहे. मित्राला बोलवायचं का? आजकाल निष्ठा उरलीच नाही का?
— एक कूलरवाला, वाडी

उत्तर:

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा हातात पेन घेऊन वाचलं. मूळ पत्र चार पानांचं, वर फक्त सारांश दिलाय. त्या चार पानांत ‘निष्ठा’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मिस्त्रीचा पगार एकदाही आलेला नाही. मित्राचे दोन लाख कंसात आलेत, अर्ध्या ओळीत. मी तीस वर्षं हिंगणा एमआयडीसीत खोकी बनवली, धंद्यात असंख्य हिशेब पाहिले. माणूस जे कंसात टाकतो तिथेच बहुतेक वेळा बाकी निघते.

आधी तुमच्या सोप्या प्रश्नांची उत्तरं देतो.

नोटीस पाठवू नका. काय लिहाल तिच्यात? नोकरी सोडल्यावर माणसाने तोच धंदा करू नये, असं त्याच्याकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं असतं, तरी ते टिकलं नसतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आहे, कुणालाही त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. दीडशे वर्षं झाली त्याला. तो तुमच्या नावाचं स्टिकर लावून कूलर विकत असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. कूलर कसा बनतो हे वाडीत कुणाचंच गुपित नाही.

पत्र्याची उधारी बंद करायला सांगू नका. इथे मात्र मला थोडं लांबून यावं लागेल, कारण मीही कुणाचा तरी फितूर मिस्त्री होतो.

१९८७ ते १९९३ मी गांधीबागेत एका कागदाच्या व्यापाऱ्याकडे होतो. सेठ वाईट नव्हता. सकाळी नऊला गादीवर बसायचा, रात्री नऊला उठायचा, मधल्या वेळात माझ्या नावाने दहादा हाक मारायचा आणि ती हाक मला आवडायची. क्राफ्ट पेपर म्हणजे खोक्यांचा तपकिरी कागद, जीएसएम म्हणजे त्याचं वजन, तीन प्लाय म्हणजे तीन थर, पाच प्लाय, कुठल्या कागदाला किती ताकद, हे सगळं मी तिथेच शिकलो. मग काटोल-नरखेडच्या संत्र्यासाठी लाकडी पेट्यांऐवजी पुठ्ठ्याची खोकी मागायला लोक यायला लागले आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी सांगितलं त्या दिवशी सेठ काही बोलला नाही. चहा मागवला. दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या प्रत्येक पेपर एजंटला त्याचा फोन गेला की, या पोराला उधारीवर एक रीळ देऊ नका.

कुणीच दिलं नाही. सव्वा महिना मी शेडमध्ये रिकामी मशीन पुसत बसलो. मग बायकोच्या बांगड्या ठेवल्या आणि सुरतमार्गे वापीला गेलो, कारण क्राफ्ट पेपरच्या मिला तिकडे. पाठीवर बॅग, खिशात रोख, गुजराती शून्य. तिथे मला समजलं की सेठचा एजंट मधे किलोमागे किती खातो. अर्धा ट्रक रोखीने घेतला आणि नागपूरला आल्यावर माझं खोकं सेठच्या गिऱ्हाइकांच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडलं. सेठने उधारी बंद केली नसती, तर मी आणखी दहा वर्षं निमूटपणे त्याच्याच एजंटाकडून माल घेतला असता. मला वापीचा रस्ता त्यानेच दाखवला, राग येऊन.

तुमच्या मिस्त्रीलाही रायपूरचा पत्रा सापडेल. बघा बुवा, तो रस्ता तुम्हालाच दाखवायचा असेल तर.

आता पगाराकडे येऊ. इथेच मला जास्त बोलायचंय.

२००७ मध्ये माझा फोरमन गेला. अकरा वर्षं होता. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला गेला की पेस्टिंगची खळ टबात असताना दाट व्हायला लागते, तेव्हा तो बोटाने खळ उचलून बोटांच्या चिमटीत ओढून बघायचा आणि सांगायचा, अजून एक लोटा पाणी. पावसाळ्यात उलटं. खोकं ओल धरतं, वरून दिसत नाही. तो कोपरा दाबून कानाशी धरायचा. कोरडा कोपरा करकरतो, ओला नुसता दबतो. मी मालक असून मला ते आजही नीट जमत नाही. एका दुपारी तो आला आणि म्हणाला, “भाऊ, पोरगी दहावीत गेली. आता नाही केलं तं कधी करीन? पंचिंगची मशीन पाह्यली एक, जुनी.”

मी काय म्हणालो असेन? वर्षानुवर्षं घरच्यासारखं ठेवलेल्या माणसाला मालक जे म्हणतो तेच. अकरा वर्षं माझं मीठ खाल्लंस, म्हणालो.

तो गेला. संध्याकाळी मुनीमजी हिशेबाची वही घेऊन आले, चष्मा कपाळावर, आणि अगदी सरळ आवाजात म्हणाले, “साहेब, मिठाचं म्हणाल तर, जेवणाचे महिन्याला दोनशे आपण त्याच्या पगारातून कापतो.”

भाऊ, मी ते वाक्य आजवर विसरलो नाही. मुनीमजींनी टोमणा मारला नव्हता. त्यांना फक्त नोंद चुकीची वाटली होती.

त्या रात्री मी जुने मस्टर काढून बसलो. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, हा माणूस रात्री दहाच्या आधी कधी घरी गेला नव्हता. मस्टरवर सुटायची वेळ रोज सहा. का? कारण तो घरचा. हेल्परला ओव्हरटाइम मिळायचा, कारण हेल्पर परका. घरचा माणूस म्हटलं की त्याला मागायची लाज वाटते आणि आपल्याला द्यायची आठवण होत नाही. दोघंही मोठ्या प्रेमाने एकमेकांना फसवतात. मग एक दिवस तो जातो आणि आपण म्हणतो, निष्ठा उरली नाही.

तुमच्या पत्रात लिहिलंय की सीझनमध्ये मिस्त्री रात्री दोन-दोनपर्यंत थांबायचा, ‘स्वतःचं समजून’. फेब्रुवारी ते मे, चार महिने, तेरा वर्षं. त्याचा ओव्हरटाइम कुठे लिहिलाय? लिहिला असेल तर हे सगळं मागे घेतो.

आणि एक गोष्ट जी तुम्ही विचारलेलीच नाही. त्याची ग्रॅच्युइटी, म्हणजे इतकी वर्षं काम केल्याबद्दल सोडताना द्यायची रक्कम, दिली का? तुम्ही म्हणाल आपली तर नऊच माणसं. पण कायदा सरासरी बघत नाही. मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी दहा माणसं कामावर असली की तो लागू होतो आणि पुढे माणसं कमी झाली तरी लागूच राहतो. तुमच्याकडे सीझनला बावीस असतात हे तुम्हीच लिहिलंय. पाच वर्षं सलग झाली की हक्क तयार होतो, राजीनामा दिला म्हणून बुडत नाही. पूर्ण झालेल्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. समजा त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० होता. १८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १३. होतात १,३५,०००. सोडल्यापासून तीस दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला की व्याज चढतं. जानेवारी उलटून किती दिवस झाले ते तुम्हीच मोजा. सीएकडून आकडा तपासून घ्या, पण घ्या लवकर, कारण ज्याला नोटीस पाठवायला निघालात तोच तुम्हाला पाठवू शकतो आणि त्याची टिकेल.

त्याने चूक केलीच नाही असं म्हणत नाही मी. जानेवारीत सोडणं चूक. कूलरवाल्याला जानेवारीत सोडणं म्हणजे शेतकऱ्याला रोहिणीत सोडणं. जायचं तर जुलैत जायचं, शेड रिकामी असताना, हाताखाली एक माणूस तयार करून. हे त्याच्या तोंडावर म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फक्त चेक दिल्यानंतर म्हणा, आधी म्हणालात तर ऐकू येणार नाही.

डीलरांचं थोडक्यात सांगतो. शिवनीच्या डीलरच्या गोदामात कूलरची टाकी गळली किंवा पंप पाणी ओढेना, तर तो फोन कुणाला करायचा? तुम्हाला की मिस्त्रीला? तुम्ही फोनवर काय म्हणायचात, “थांबा, मिस्त्रीला देतो.” डीलर कंपनीला चिकटत नाही, जो फोन उचलून पंप बदलून देतो त्याला चिकटतो. ते जाणारच होते. दुसरा कुणीतरी फोनवर बसवा, जे राहिलेत ते राहतील.

आता मित्र. खरं दुखणं हेच आहे, मिस्त्री निमित्त.

तो कंस पुन्हा बघा. २००९ चे दोन लाख. ते उसने होते की भांडवल? तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही माहीत नाही. त्यालाही नसेल. दोन मित्रांनी तर्री पोह्याच्या प्लेटवर ठरवलं, ‘घे रे, नंतर बघू’, आणि ते ‘नंतर’ कधी आलं नाही. उसने असतील तर इतक्या वर्षांत मुद्दलही परत गेलेलं नाही. भांडवल असेल तर तो तुमचा भागीदार ठरू शकतो. १९३२ च्या कायद्याप्रमाणे भागीदारीला लेखी करार लागतोच असं नाही, आणि वाटा ठरलेला नसेल तर नफा सारखा धरतात. दर दिवाळीला तुम्ही दिलेलं पाकीट नेमकं कशाचं? व्याजाचं, नफ्याचं, की मिठाईचं? मी वकील नाही, आणि तो कोर्टात जाईल असंही मला वाटत नाही. चाळीस वर्षांत गेला नाही. पण ज्या पाकिटावर काहीच लिहिलेलं नसतं, ते देणाऱ्याला उपकार वाटतं आणि घेणाऱ्याला भीक.

आणि तो तुमच्याशी बोलला होता. मागच्या दिवाळीत, मिस्त्रीला हिस्सा दे. तुम्ही म्हणता हसण्यावारी गेलं. भाऊ, हसलं कोण? तो हसला असता तर तुम्ही ती गोष्ट पत्रात लिहिली नसती. ज्याचे दोन लाख तुमच्या शेडच्या पायात आहेत, ज्याने सोळा-सतरा वर्षं तोंड उघडलं नाही, तो पहिल्यांदा धंद्याबद्दल काही बोलला, आणि तेही स्वतःसाठी नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही मशीनला पैसे द्यावेसे वाटले असते.

त्याची एक चूक पक्की, आणि ती छोटी नाही. पैसे द्यायच्या आधी त्याने तुम्हाला सांगायला हवं होतं. एक फोन. ‘मी देतोय, तुला आवडणार नाही, पण माझ्याकडून कळावं म्हणून सांगतो.’ तुम्हाला ते पत्र्याच्या दुकानात तिसऱ्याकडून कळलं, असं तुम्ही लिहिलंय. ते लागणारच. मला वाटतं तो घाबरला. चाळीस वर्षांच्या मित्राला घाबरावं लागलं, यात थोडा हिस्सा तुमचाही असेल, कारण माणूस तीनदा हसण्यावारी गेला की चौथ्यांदा सांगत नाही.

ग्रुपवर लिहायला नको होतं. आपल्याकडे नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत निघते, सोबत बडगे निघतात, सगळे वाईटाचे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, जुन्या नागपुरातून सगळं गाव मागे ओरडत जातं, “इडा पीडा घेऊन जा गे मारबत”, आणि शेवटी जाळून टाकतात. तुम्ही मित्राचा बडग्या करून शाळेच्या ग्रुपमधून फिरवलात. फरक एवढाच की बडग्या जळतो आणि संपतो. हा मित्र मात्र प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीला समोर येणार आहे, आणि ते दोन्ही तट पुढच्या पंक्तीत बसून तुमच्या दोघांच्या तोंडाकडे बघणार आहेत. ग्रुपवर आणखी काही लिहू नका, खुलासाही नको. माफीही तिथे नको, समोरच मागा.

निष्ठा उरली नाही का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. माझे मोठे काका एम्प्रेस मिलच्या गोष्टी सांगायचे, म्हणून मला ती आठवते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ती नागपुरात सुरू केली. सुरुवातीला कामगार टिकत नव्हते, आज आला उद्या नाही. मिलने काय केलं? पेन्शन फंड काढला, प्रॉव्हिडंट फंड काढला, अपघाताची भरपाई ठेवली, आणि हे सगळं कायद्याने सांगायच्या कितीतरी आधी. अपघात भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ मध्ये. पुढे नागपुरात तीन-तीन पिढ्या त्या भोंग्यावर घड्याळ लावत होत्या. तेव्हाची माणसं काही आजच्यापेक्षा जास्त इमानी जन्माला येत नव्हती. वहीत त्यांच्या नावापुढे काहीतरी लिहिलेलं असायचं, एवढंच.

तुम्ही विचाराल माझ्या फोरमनचं काय झालं. परत आला नाही. मी चौथ्या महिन्यात त्याच्या शेडवर गेलो, ग्रॅच्युइटीचा चेक आणि ओव्हरटाइमचा अंदाजे आकडा घेऊन. अंदाजे, कारण नोंदच नव्हती. त्याने चेक ठेवून घेतला, ओव्हरटाइमचा कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, हे चूक आहे, याच्यापेक्षा जास्त होते. मग आम्ही दोघं बसून दीड तास भांडलो. मी माझा धंदा मुलाकडे सोपवेपर्यंत आमचं डाय पंचिंग तोच करून द्यायचा, आणि दरावरून दर वर्षी खडाजंगी. तुमच्या बाबतीतही असंच होईल असं नाही. तुमचा मिस्त्री कदाचित चेक घेईल आणि दार लावून घेईल. तरी चेक त्याचाच आहे.

आत्ता जाऊ नका. आत्ता एप्रिल आहे, तुमच्या दोघांच्याही शेडमध्ये रात्री दोनपर्यंत दिवे जळतायत, कुणाचंच डोकं ठिकाणावर नसेल. मृगाचा पहिला पाऊस पडला की वाडीतले सगळे कूलरवाले एका आठवड्यात रिकामे होतात. तेव्हा जा. चेक मात्र याच आठवड्यात पाठवून द्या, त्यासाठी पावसाची वाट बघू नका. सोबत माणूस पाठवा, पोस्टाने नको.

मग मित्राकडे, त्याच्या घरी. तर्रीवाल्याकडे नको, तिथे पंधरा जण ओळखीचे. ‘का केलंस’ने सुरुवात करू नका, दोन लाखांनी करा. कागद पेन घेऊन बसा आणि विचारा, हे पैसे काय होते? तो म्हणेल सोड ना यार. सोडू नका. उसने म्हणाला तर व्याज ठरवा आणि हप्ते लिहा. भांडवल म्हणाला तर सीएकडे दोघं मिळून जा. त्याने तुम्हाला न सांगता मशीनला पैसे दिले, हे त्यानंतर काढा, आणि तेव्हा मनातलं पूर्ण बोला, आवाज चढला तरी चालेल. वहिनींना आधीच सांगून ठेवा की चहा जरा उशिरा आणा.

लग्नाची पत्रिका त्या दिवशी नेऊ नका. आठवड्याने मुलीला सोबत घेऊन जा आणि तिच्या हाताने द्या.